बॅकस्ट्रोकचा चॅम्पियन पुढं कोच होऊन पोट भरू शकतो का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की 12 वर्षांचा पोरगा विहिरीत उताणा झकास पोहतो, जवळपास स्विमिंग पूल नाही, तर यात करिअर आहे का अन् चॅम्पियन झाला तरी पुढं काय. मी यवतमाळकडच्या खेड्यातला, पाठीला भोपळा बांधून विहिरीतच शिकलो, आता शाळेत पीटी घेतो अन् उन्हाळ्यात पोट्ट्यांना पोहणं शिकवतो.

योशी ओयाकावा बद्दल वाचा. हवाई बेटांवरचा माणूस, 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकात 100 मीटर बॅकस्ट्रोकचं, म्हणजे उताणं पोहण्याचं, गोल्ड, 1 मिनिट 5.4 सेकंद, 1936 चा किफर नावाच्या अमेरिकन पोहणाऱ्याचा ऑलिंपिक रेकॉर्ड मोडला. 1956 ला मेलबर्नला मेडल नाही. मग अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या एका हायस्कूलात मास्तर अन् कोच झाला, वर्षानुवर्षं पोरं घडवली. म्हणजे पगार मास्तरकीचा अन् जीव पाण्यात, मला तर हाच रस्ता खरा वाटतो. अन् तो हात सरळ ठेवून पाणी ओढायचा, आपल्या विहिरीतले पोट्टे ओढतात तसाच, पण त्याच्यानंतर सगळे कोपर वाकवून ओढायला लागले, तर कोचला आपण ज्यावर जिंकलो तेच शिकवत बसून चालत नाही, हे फार अवघड असतं बाप्पा.

त्याच बेटांवर साकामोटो नावाच्या मास्तरानं 1937 पासून उसाच्या मळ्यातल्या पाटात, धारेच्या उलट पोहायला लावून पोरं तयार केली. त्याच्याच हाताखालच्या बिल स्मिथनं 1948 च्या ऑलिंपिकात 400 मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड घेतलं. पण हे वाचून पोराला आपल्या कॅनलात उतरवू नका, सिमेंटच्या काठाला पकड नसते, पाणी सोडलेलं असलं की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही.

विहिरीत डोकं स्थिर ठेवणं अन् पाय मारणं पक्कं होतं, सरळ रेषेत पोहणं अन् टर्न, म्हणजे भिंतीशी वळणं, नाही होत. बारावी अन् मग पदवी झाली की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बीपीएड (पीटी मास्तरकीचा कोर्स) वगैरे, मग एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा, म्हणजे मेडल नाही आलं तरी हातात काहीतरी राहतं. पण त्याआधी या उन्हाळ्यात महिनाभर अमरावती नाहीतर नागपूरला नातेवाइकाकडं ठेवा अन् पुलावर पाठवा. भिंतीच्या 5 मीटर आधी पाण्यावर झेंड्यांची दोरी असते, उताण्याला भिंत दिसत नाही म्हणून. त्या झेंड्यांपासून भिंतीपर्यंत आपल्याला किती हात मारावे लागतात ते पहिल्याच दिवशी मोजायला सांगा त्याला.