आयबीएस आतड्यातील जीवाणूंमुळे होतो का, आणि त्यांची तपासणी करून घ्यावी का?

गेले दीड वर्ष सकाळी पोटात मुरडा येतो, तीन-चार वेळा शौचाला जावे लागते, डॉक्टरांनी आयबीएसचे (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्यात दिसण्याजोगा बिघाड नसतानाही पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी राहणे) निदान केले आहे आणि आता आतड्यातील जीवाणूंची महागडी तपासणी करून त्यानुसार प्रोबायोटिक (उपयोगी मानल्या जाणाऱ्या जिवंत जीवाणूंची गोळी किंवा पूड) घ्यावे असे कोणीतरी सुचवले आहे, तर ती करावी का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. मुंबईतील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि अकरा वर्षांपासून मला स्वतःला हा आजार आहे. माझ्या मते या तपासणीवर पैसे खर्च करू नयेत. मात्र जीवाणूंचा आणि या आजाराचा संबंध खरा आहे, आणि तो कसा आहे हे समजले की तपासणी का उपयोगी पडत नाही तेही कळते.

संबंधाचा सर्वांत भक्कम पुरावा गॅस्ट्रोच्या साथींमधून मिळाला आहे. मे २००० मध्ये कॅनडातील वॉकरटन या गावी जोरदार पावसात गुरांचे शेणखत पाणीपुरवठ्याच्या विहिरीत उतरले; सुमारे २,३०० माणसे आजारी पडली आणि ७ जण दगावले. संशोधकांनी या गावकऱ्यांचा आठ वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा ज्यांना गॅस्ट्रो झाला होता त्यांच्यात आयबीएसचे प्रमाण इतरांपेक्षा आठ वर्षांनंतरही जास्त आढळले. असे अनेक अभ्यास एकत्र पाहिले असता, आतड्याच्या संसर्गानंतर साधारण दहातील एकाला हा त्रास मागे राहतो असे दिसते. माझे नेमके असेच झाले. जुलै महिन्यात आमच्या इमारतीत नळाला गढूळ पाणी आले, मला गॅस्ट्रो झाला, सलाइन लावावे लागले. ताप उतरला, शौचाचा अहवालही चांगला आला, पण पोट काही पूर्वीसारखे झाले नाही. लोकलमध्ये शौचालय नसते, त्यामुळे डोंबिवली ते दादर या प्रवासात मधेच उतरावे लागले तर कोणत्या स्थानकावर कोणत्या टोकाला शौचालय आहे, हे मला पाठ झाले होते. त्याच वर्षी ‘अमीबा असेल’ असे समजून मी मेट्रोनिडाझोलचे तीन कोर्स दुकानातून स्वतःच आणून घेतले, आणि त्याची मला आजही खंत वाटते. अमीबा तपासणीत एकदाही सापडला नव्हता. शिवाय हे औषध ऑक्सिजनविना जगणाऱ्या जीवाणूंवर चालते, आणि मोठ्या आतड्यातील बहुतेक जीवाणू त्याच प्रकारचे असतात. कृपया आपण असे करू नका.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात, त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात. सगळ्यांचे मिळून वजन मात्र पावशेराच्या आतच भरते. लहान आतड्यात न पचलेल्या शर्करा ते आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. निरोगी माणसाच्या पोटातही हेच घडते, पण आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा इतक्या संवेदनशील झालेल्या असतात की, इतरांना जाणवणारही नाही एवढ्या ताणाने आपल्याला कळ येते. काही सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. मिथेनमुळे आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून आयबीएसच्या बद्धकोष्ठतेच्या प्रकारात त्याचा संबंध दिसतो. पित्ताम्लांचे (पित्तातील, चरबी पचवायला मदत करणाऱ्या आम्लांचे) रूपही जीवाणूच बदलतात, आणि मोठ्या आतड्यात ती जास्त उतरली की जुलाब होतात.

अडचण पुढे आहे. जुलाब झाले की अन्न आतड्यातून भराभर पुढे सरकते, आणि त्यानेच जीवाणूंचे प्रमाण बदलते. त्रास होतो म्हणून आपण खाणे बदलतो, त्यानेही बदलते. त्यामुळे अहवालात अमुक जीवाणू कमी दिसला, तर ते आजाराचे कारण आहे की परिणाम, हे त्यावरून सांगता येत नाही. निरोगी माणसांतही हे प्रमाण इतके वेगवेगळे असते की ‘योग्य’ असा आकडाच ठरलेला नाही. निरोगी व्यक्तीच्या शौचातील जीवाणू रुग्णाला देण्याचे प्रयोगही झाले: २०१८ मध्ये डेन्मार्कमध्ये खोट्या कॅप्सूल घेणाऱ्यांनाच जास्त बरे वाटले, तर २०२० मध्ये नॉर्वेत एका काळजीपूर्वक निवडलेल्या दात्यामुळे बहुतेक रुग्णांना आराम पडला. रिफॅक्सिमिन हे आतड्यातच राहणारे अँटिबायोटिक जुलाबाच्या प्रकारात दिले जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत ते घेणाऱ्या सुमारे ४१ टक्के रुग्णांना पुरेसा आराम मिळाला, आणि खोटी गोळी घेणाऱ्या ३२ टक्के रुग्णांनाही. म्हणजे फायदा आहे, पण शंभरात नऊ जणांना, आणि ते डॉक्टरांनीच ठरवून द्यावे.

तेच पैसे आधी साध्या तपासण्यांसाठी ठेवा. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप, पंडुरोग किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही असेल तर आयबीएस या निदानावर थांबू नये. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. रक्ताची साधी तपासणी, थायरॉइड, गव्हाच्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक आजाराची रक्तचाचणी आणि शौचातील कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याला सूज असल्यास वाढणारे प्रथिन) यांविषयी डॉक्टरांना विचारा. प्रोबायोटिकबाबत तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वेही एकसारखी नाहीत: अमेरिकेतील तज्ज्ञ ते सुचवत नाहीत, ब्रिटनमधील तज्ज्ञ बारा आठवडे करून पाहा आणि फरक पडला नाही तर थांबवा असे म्हणतात. घ्यायचेच असेल तर त्यासाठी जीवाणूंचा अहवाल लागत नाही.

मला खरा उपयोग झाला तो स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेचा. रोज रात्री त्या तारखेच्या चौकटीत काय खाल्ले आणि पोट कसे होते, हे मी पेन्सिलीने लिहू लागले. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आले की शुक्रवार हमखास वाईट जातो, कारण गुरुवारी कॅन्टीनमध्ये मिसळ असते. मटकी, कांदा, लसूण आणि पाव, म्हणजे जीवाणू आंबवतात त्या सगळ्या शर्करा एकाच ताटलीत! मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेला कमी फॉडमॅप आहार (फॉडमॅप म्हणजे अशा सहज आंबणाऱ्या शर्करा) याच तत्त्वावर आहे. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली तो चार ते सहा आठवडेच पाळावा आणि मग एकेक पदार्थ परत सुरू करावा, कारण फार काळ पाळल्यास बिफिडोबॅक्टेरिया हे उपयोगी जीवाणूच कमी होतात. भात, ज्वारीची भाकरी, दोडका, गाजर मला सोसले. थोडा कांदा परत सुरू करता आला, लसूण नाही. पण लसणातील त्रासदायक शर्करा तेलात उतरत नाही, म्हणून मी अख्ख्या पाकळ्या तेलात तळून बाहेर काढते आणि त्याच तेलाची फोडणी आमटीला देते.