छोट्या नव्या शाळेत पालकांचे स्वागत: समारंभाआधी घरभेट

नमस्कार. खानापूर तालुक्यात या जूनपासून आपण १७ मुलांची एक लहान शाळा सुरू करत आहात. तिथे वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र शिकतील आणि लेखी परीक्षा नसतील. घरे काही मराठी, काही कन्नड आहेत. उद्घाटनाच्या दिवशी या सर्व कुटुंबांचे स्वागत कसे करावे, असे आपण विचारले आहे. बेळगाव परिसरातील अशाच एका शाळेत मी १२ वर्षे काम केले असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

समारंभ जरूर करावा, पण तो ऑगस्टपर्यंत पुढे न्यावा आणि त्याआधी प्रत्येक घरी जाऊन यावे. १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केल्यावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांची वाट पाहत न बसता बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द त्याच कामातून आला. आपल्या घरी शिक्षक येऊन बसले, चहा घेतला, आज्जीशी बोलले, ही गोष्ट कुटुंबाच्या लक्षात राहते. आज्जीशी बोलणे मी मुद्दाम म्हणतो, कारण मूल दुपारी घरी आल्यावर "आज काय शिकलास?" असे विचारणारी तीच असते आणि "खेळलो" हे उत्तरही पहिल्यांदा तिलाच ऐकावे लागते.

आमच्या पहिल्या वर्षी माझी एक मोठी चूक झाली. पालकसभेत मी खेळातून शिकणे आणि मुलांचे स्वातंत्र्य यांवर तासभर बोललो. कोणीही प्रश्न विचारला नाही आणि ती शांतता मी संमती समजलो. दिवाळीपर्यंत तीन कुटुंबांनी मुले काढून घेतली. त्यांपैकी एका वडिलांनी पुढे मला सांगितले की, मुलीला पाचवीत दुसऱ्या शाळेत घालायचे झाले तर दाखला मिळेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. पण इतक्या मोठ्या गोष्टी चालू असताना हे विचारणे त्यांना कमीपणाचे वाटले. तेव्हापासून घरभेटीत हा विषय मी स्वतःहून, सर्वांत आधी काढतो.

त्यासाठी उत्तर मात्र पक्के हवे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या १८ व्या कलमानुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरही ती चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या मान्यतेचा अर्ज कुठपर्यंत आला आहे, हे पालकांना तोंडी सांगून भागणार नाही. ते लिहून द्यावे. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने शाळेत कधीच न गेलेल्या किंवा शिक्षण अर्धवट राहिलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क दिला आहे, हेही सांगावे. काळजीत असलेल्या आईला त्याने खरा धीर येतो. आणखी एक गोष्ट: १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. काही पर्यायी शाळा पालकांची मुलाखत घेऊन 'योग्य' कुटुंबे निवडतात, ते मला कायद्याने आणि मनानेही पटत नाही.

आता भाषेविषयी, कारण आपल्या भागात हा विषय टाळला की त्याच्या शंका वाढतात. मराठी घराला वाटते की मूल कन्नडमध्ये मागे पडेल. कन्नड घराला वाटते की ही शेवटी मराठी शाळाच होणार. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने शाळांमध्ये कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक केले आहे, तर प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात दिला. या चौकटीत आपली शाळा कोणत्या वयात कोणती भाषा किती वेळ वापरणार, हे दोन्हीकडच्या घरांना एकाच शब्दांत सांगावे. दारात "या, बसा" आणि "बर्री, कुंदर्री" दोन्ही ऐकू यावे, आणि सूचनेचा कागद दोन्ही भाषांत एकाच दिवशी घरी जावा. आमचा कन्नड कागद नेहमी दोन दिवस उशिरा निघत असे, आणि त्या दोन दिवसांत काही घरांना आपण इथे पाहुणे आहोत असे वाटू लागले होते. हे मला फार उशिरा कळले.

घरभेटी मिरगाच्या आधी आटोपाव्यात. खानापूरच्या पावसात एकदा भाताची रोपलावणी सुरू झाली की दिवसभर कोणी घरी सापडत नाही, आणि अशा वेळी सभेला न येणाऱ्या पालकांना उदासीन समजणे अन्यायाचे ठरेल. पालकांनी आठवड्यातून अर्धा दिवस शाळेत काम करावे, असा नियमही पहिल्या वर्षी करू नये. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला तो परवडत नाही आणि ती ते बोलूनही दाखवत नाही. त्याऐवजी पहिले तीन आठवडे रोज दोनच घरांना बोलवावे, मुलांबरोबर तासभर बसू द्यावे, आणि निघताना त्यांनी काय पाहिले ते शांतपणे ऐकून घ्यावे.

ऑगस्टमधल्या समारंभाला पाहुणे बोलावलेच, तर त्यांचे भाषण दहा मिनिटांत आटोपते घ्यावे. उरलेल्या वेळात मुलांनी आपापल्या घरच्यांना हात धरून शाळा दाखवावी, आणि शिक्षकांनी त्या वेळी मागे उभे राहावे.