कॅराव्हॅन ट्रेलरचं रबरी छत पावसात गळतंय, वरून डांबरी शीट मारून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की ट्रेलर जुना आहे, बाहेरून आणलेला आहे, छत पांढऱ्या रबराचं आहे आणि तो मुलुंडला सोसायटीच्या आवारात उभा असतो. यंदाच्या पावसात पलंगावरच्या कोपऱ्यात ओल आली. गच्चीची कामं करणारा एक जण म्हणतोय, "वरून डांबरी शीट मारून देतो, दहा वर्षं बघायला नको."

आधी त्याला नाही म्हणा.

गच्चीवर ती शीट चालते, कारण तिथे खाली काँक्रीट असतं. तुमच्या छतावर बहुतेक ईपीडीएम आहे, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं कृत्रिम रबर, प्लायवूडवर चिकटवलेलं. डांबरातली तेलं हे रबर पिऊन घेतं, मग फुगतं, त्याला लाटा येतात आणि खालचा गोंद सुटतो. त्यात ही शीट गॅसच्या बत्तीने तापवून चिकटवतात. तुमच्या छतात प्लायवूड आणि थर्माकोल आहे. तिथे बत्ती न्यायचा विचारसुद्धा नको.

सिलिकॉनही नको. हे मी सोसलेलं आहे. माझा ट्रेलर गोराईला मामांच्या वाडीत असतो. पहिल्याच पावसाळ्याआधी एका वर्कशॉपवाल्याने सगळ्या व्हेंटभोवती, म्हणजे छतातल्या हवेच्या झरोक्यांभोवती, जाड सिलिकॉन फिरवून दिलं. दिसायला इतकं सुबक होतं की मी निर्धास्त झालो. जुलैत वर चढून बघितलं तर ती पट्टी टोकाला धरून ओढल्यावर केळीच्या सालीसारखी अख्खी हातात आली. ईपीडीएमला सिलिकॉन नीट धरत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याचा जो अदृश्य थर मागे राहतो, त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. तो काढायला मला प्लास्टिकच्या खरवडणीने तीन दिवस घासावं लागलं. धातूची पट्टी वापरली असती तर रबरच कापलं गेलं असतं.

छत ईपीडीएमचं आहे की टीपीओचं (रबरासारखंच दिसणारं दुसरं कृत्रिम आच्छादन) हे आधी ओळखा. कोरडा तळवा छतावर घासा. हाताला खडूसारखी पांढरी भुकटी लागली आणि पावसानंतर भिंतींवर पांढरे ओघळ दिसत असतील, तर बहुतेक ईपीडीएम. फाटलेल्या कडेला खालची बाजू काळी दिसली तर प्रश्नच मिटला. टीपीओ जास्त गुळगुळीत असतं आणि त्याची अशी भुकटी सुटत नाही. सीलंट आणि प्रायमर घेताना डब्यावर तुमच्या रबराचं नाव आहे का ते वाचूनच घ्या.

आता मुख्य मुद्दा. गळती मधल्या रबरातून क्वचितच होते. फांदी पडून भोक पडलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी पाणी शिरतं ते जोडातून: व्हेंटच्या चौकटी, अँटेनाचा बूड, पुढच्या-मागच्या टोकांना आडवी बसवलेली पट्टी आणि लांबीच्या बाजूंना रबर दाबून धरणारी ॲल्युमिनियमची पट्टी. ट्रेलर ओढला की सांगाडा हलतो, जोड ताणले जातात, सीलंटला केसाएवढ्या चिरा पडतात. मुंबईत चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कमी पावसाच्या मुलखात जी चीर वर्षानुवर्षं कळणारही नाही, ती इथे एका आठवड्यात गादी भिजवते.

पाणी जिथे दिसतं तिथूनच शिरलंय असं धरून चालू नका. ते प्लायवूड आणि फळ्यांच्या मधून उताराकडे वाहत जातं. माझ्या ट्रेलरमध्ये ओल कपाटाच्या मागे होती आणि वाट होती तिथून सात फुटांवरच्या व्हेंटमध्ये.

शोधायची पद्धत पंक्चरवाल्याचीच. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, आपण उलट करायचं. दारं-खिडक्या बंद करा, व्हेंटची आणि गटाराची तोंडं आतून चिकटपट्टीने झाका, एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्यातून कचरा उडवायच्या ब्लोअरची हवा आत सोडा. मग वर सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. जिथे फेस फुगतो तिथे खडूने खूण करा. मला एकूण नऊ खुणा मिळाल्या. त्यातल्या पाच एकाच कडेच्या पट्टीत होत्या, स्क्रूंच्या डोक्यांपाशी. गोराईच्या खाऱ्या हवेत ते स्क्रू इतके गंजले होते की एकाची फक्त टोपी फिरत होती, बाकीचा लाकडातच राहिला. एक बाहेर काढला तेव्हा त्याच्या भोकातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. ते पाणी बघितल्यावर मी वरून सीलंट लावायचा विचार सोडून दिला आणि अख्खी पट्टी उतरवली.

तुम्हीही पेचकसाने प्लायवूड दाबून बघा. आत घुसला, तर कुजलेला भाग कापून नवा घालणं भाग आहे. रबराची कड हळूच उचला, गोंद बहुतेक सहज सुटतो. नवा तुकडा मरीन प्लायचा घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. फर्निचरवाला साधा प्लाय देऊ करेल, नको म्हणा. लाकूड नुसतं ओलं असेल, कुजलेलं नसेल, तर वाळू द्या. ओलं लाकूड सीलबंद केलं तर आत बुरशी धरते आणि पुढच्या वर्षी हेच काम तिप्पट होऊन समोर येतं. मी ओलावा मोजायचं स्वस्त यंत्र घेतलं आणि आकडा १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थांबलो.

कडेची पट्टी परत बसवताना तिच्या खाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, हवीच. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, ते नागदेवी स्ट्रीटला हव्या त्या मापात मिळतात. पट्टी आवळली की कडेने टेप थोडी बाहेर येते. ती लगेच कापू नका. दोन-तीन दिवस उन्हात बसू द्या, पुन्हा आवळा, मग कापा. वरून लॅप सीलंट, म्हणजे छताच्या जोडांवर लावायचं सीलंट. सपाट जागी स्वतः पसरणारं घ्यायचं, उभ्या कडेला न ओघळणारं. स्वतः पसरणारं उभ्या बाजूला लावलं तर ते रात्रीतून भिंतीवर उतरतं. मी डायकॉर कंपनीचं वापरलं. ते बाहेरून मागवावं लागतं, म्हणून ट्यूबवरची तारीख बघून घ्या. जुनं सीलंट सिलिकॉनचं नसेल आणि घट्ट धरून असेल तर खरवडू नका, स्वच्छ करून त्याच्यावरच नवं लावलं तरी चालतं.

मधल्या रबराला भोक असेल तर ईपीडीएमचाच पॅच लावा, भोकाच्या चारही बाजूंना किमान ३ इंच पुढे जाईल एवढा. कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपरा आधी उचकटतो. जागा साबण-पाण्याने धुऊन, वाळवून, प्रायमर लावून मग पॅच बसवा आणि रोलरने दाबत मधून बाहेर हवा काढा. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी छत पुसू नका, कारण तेच, रबर फुगतं.

छतावर एसी असेल तर तिथे सीलंट फिरवायच्या मोहात पडू नका. त्याच्या खाली स्पंजसारखा गॅस्केट असतो आणि तो आतून चार बोल्टांनी दाबलेला असतो. आतलं झाकण काढून ते बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. गॅस्केट दबून अर्ध्या इंचाच्या आसपास आला की थांबा. बाहेरून सीलंट लावलंत तर एसीचं स्वतःचं पाणी निघायची वाट बंद होते.

वर चढाल तेव्हा उभे राहू नका. प्लायचा मोठा तुकडा टाकून त्यावर गुडघे टेका, म्हणजे भार एका जागी येत नाही.

आता वेळेचं. पाऊस चालू असताना पक्कं काम होत नाही, लाकूड वाळतच नाही. ऑक्टोबर हीटचा फायदा घ्या: आतून पंखा लावून महिनाभर वाळवा आणि नोव्हेंबरात सकाळी दव उडाल्यावर काम सुरू करा. तोवर ताडपत्री लागेलच, पण थेट रबरावर नको. वाऱ्याने ती फडफडते आणि एका मोसमात रबर घासून काढते. सोसायटी परवानगी देत असेल तर बांबूंचा सांगाडा उभारून छतापासून हातभर वर बांधा आणि मध्ये उंचवटा ठेवा, नाहीतर पाण्याचं पोट धरतं. बाजू उघड्या राहू द्या. पलंगावरची गादी मात्र आजच बाहेर काढा आणि त्या कोपऱ्यातलं आतलं पॅनेल एका बाजूने सोडवून ठेवा, म्हणजे निदान आतून हवा लागेल.