नर्मदा शिकायची तर आधी जानापाव चढ

धरणांची यादी पाठ करत बसू नकोस, ती आपोआप येते. आधी महूजवळचा जानापावचा डोंगर गाठ. एकाच डोंगराळ भागातून चंबळ उत्तरेला निघते आणि चोरल दक्षिणेला, नर्मदेकडे. आपलं इंदूर चंबळेच्या बाजूचं. म्हणजे गंमत बघ, नळाला पाणी नर्मदेचं, नर्मदाकाठच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून आणलेलं. आणि तेच वापरून झालं की कान्ह नदीतून क्षिप्रा, चंबळ, यमुना करत गंगेच्या खोऱ्यात जातं! नकाशावर बोट ठेवून हा प्रवास एकदा करच.

मग नर्मदेचा प्रवास घे, अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत, 1312 किलोमीटर. उपनद्या लिहिताना सगळे डावा-उजवा काठ उलटा करतात. नदी वाहते त्या पश्चिमेला तोंड करून उभा राहा, डावा हात सातपुड्याकडे जाईल. शेर, शक्कर, दुधी, तवा त्या बाजूच्या. हिरण, बारना, कोलार उजवीकडच्या. तवा सगळ्यांत मोठी, बांद्राभान या ठिकाणी नर्मदेला मिळते. तिचं धरण तिच्यावरच आहे, नर्मदेवर नाही, हे परीक्षेत हमखास चुकतं.

मुख्य नदीवर वरून खाली बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, महेश्वर, सरदार सरोवर. यातलं इंदिरा सागर नीट समजून घे: साठा 12.22 अब्ज घनमीटर, देशात सर्वांत मोठा. त्यातून सोडलेल्या पाण्यावरच खालच्या ओंकारेश्वरची वीज चालते. सरदार सरोवराची उंची पायापासून 163 मीटर, पण नुसत्या उंचीवरून धरण मोठं ठरवू नकोस, साठा बघ.