शिकाऱ्याला बिबट्या कशाला हवाय?

प्रिय पोरी,

रविवारी तलावपाळीच्या कट्ट्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन तू तुझा गेम दाखवलास आणि शेवटी हळूच विचारलंस, "काका, कॉपी वाटते का हो?" मी नुसते शेंगदाणे खात बसलो. तिथेच बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून हे पत्र.

कॉपी आहेच. येऊरच्या जंगलात बिबट्याच्या मागे भाला घेऊन फिरणारा तुझा शिकारी म्हणजे २०२३च्या स्पायडर-मॅन गेममधला शिकारी खलनायक क्रेव्हन, फक्त दाढी कापलेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. या धंद्यात उचलाउचल सगळेच करतात, तो गेम बनवणाऱ्या इन्सॉम्नियॅकवाल्यांनीही केली. डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मी विचारलं, याला बिबट्या कशाला हवाय? तर तू म्हणालीस, "व्हिलन आहे ना तो!"

अगं, 'काय' उचलून आणलंस आणि 'का' तिथेच विसरून आलीस.

तो क्रेव्हन आला कुठून ते बघ. १९८७ साली मार्व्हल या अमेरिकन कंपनीने 'क्रेव्हन्स लास्ट हंट' हे कॉमिक काढलं. लेखक जे. एम. डीमॅटिस, चित्रं माइक झेकची. क्रेव्हन स्पायडर-मॅनला गोळी घालतो, पुरतो, त्याचाच पोशाख चढवून शहरात फिरतो. सारखा हरत आलेला माणूस. त्याला शहर लुटायचं नाही की जग जिंकायचं नाही, 'मी याच्याहून सरस आहे' एवढंच एकदा स्वतःला पटवायचंय. दोन आठवड्यांनी स्पायडर-मॅन मातीतून वर येतो, तेव्हा क्रेव्हन त्याला सोडून देतो आणि मग स्वतःचा जीव घेतो. काम झालं म्हणून.

गंमत पुढेच आहे. ही कल्पना मुळात स्पायडर-मॅनची नव्हतीच. डीमॅटिसने ती आधी मार्व्हलच्याच दुसऱ्या एका हिरोसाठी, वंडर मॅनसाठी मांडली, नकार. मग डीसी या दुसऱ्या कंपनीकडे बॅटमन आणि जोकर घेऊन, नकार. जोकर काढून बॅटमनचा दुसरा शत्रू ह्यूगो स्ट्रेंज घातला, तरी नकार. पुरला गेलेला नायक थडग्यातून बाहेर येतो, एवढंच त्याने सोडलं नाही. नायक बदलले, खलनायक बदलले, प्रकाशन बदललं. क्रेव्हन तर त्याला फारसा आवडतही नव्हता. तो मूळचा रशियन आहे हे वाचनात आलं आणि रशियन कादंबरीकार दोस्तोव्हस्कीचा भक्त असलेल्या या माणसाला अचानक त्याचा 'का' दिसला. 'काय' इतक्या वेळा बदललं तरी चाललं, कळतंय का तुला?

गेमवाल्यांनीही ती गोष्ट जशीच्या तशी घेतली नाही. त्यांच्या क्रेव्हनला कॅन्सर आहे. अंथरुणात मरायचं नाही म्हणून तो आपल्या तोडीचा, आपल्याला मारू शकेल असा कुणीतरी शोधत न्यूयॉर्कला येतो. समोर स्पायडर-मॅनचा जिवलग मित्र हॅरी, तोही आजारी, पण त्याला जगायचंय. अंगाला चिकटणारा एक जिवंत काळा पोशाख हॅरीचं औषध आहे. त्या पोशाखामुळे व्हेनम नावाचा राक्षसी खलनायक तयार होतो; कॉमिकमध्ये तो झाला एडी ब्रॉक, इथे हॅरी. एकाला झुंजून मरायचंय, दुसऱ्याला कसंही करून जगायचंय. तुला मात्र त्यात भाला दिसला!

काळ्या पोशाखावरून आठवलं. १९८२मध्ये ती कल्पना मार्व्हलने रँडी शूलर नावाच्या एका वाचकाकडून २२० डॉलरला विकत घेतली. त्याच्या कल्पनेत तो फक्त नवा, जास्त चांगला पोशाख होता. तो परग्रहावरचा जीव आहे, त्याला अंगावरून उतरायचंच नाही, हे सगळं नंतर आलं. नुसत्या 'काय'ची किंमत २२० डॉलर. मी मुद्दाम लावलेला अर्थ आहे हा, पण चुकीचा नाही.

एवढा चिडतोय कारण हे मी केलंय. बरीच वर्षं झाली, नवी मुंबईतल्या एका स्टुडिओत मी स्टोरीबोर्ड काढायचो. आपला देशी सुपरहिरो हवा होता. मी मुखवटा काढला, पट्टा काढला, चौदा पोझेस काढल्या. रात्री ठाण्याची शेवटची लोकल चुकायची, इतकं काम केलं. मीटिंगमध्ये एकाने सहज विचारलं, "हा मुखवटा का घालतो?" मी म्हणालो, "सुपरहिरो आहे ना तो." महिन्याभरात प्रोजेक्ट गुंडाळलं. बजेट नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तुझ्या आईलाही तेच सांगितलंय.

नंतर जाहिरातींचे लेआउट केले, कळव्याच्या घराचे हप्ते फेडले, मुलीची फी भरली. त्यात मला कमीपणा वाटत नाही. स्टुडिओतल्या कितीजणांनी त्यानंतर पेन्सिलही धरली नाही, मी अजून रोज एक पान काढतो. बरं, हे तुला सांगायची गरज नव्हती.

तुझा दुसरा प्रश्न, आधी इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, शिकू की कॉमिक वाचू. इंजिन तू शिकशीलच, तुमची पिढी ते यूट्यूबवर शिकते. वाचायचं मात्र टाळतेस. गेम खेळून कथा कळते असं तुला वाटतं. गेममध्ये तुझा अंगठा बटणावर असतो, थांबायला सवड कुठे? कॉमिकचं पान उलटायचं की नाही हे तुझ्या हातात असतं. 'लास्ट हंट'मधला, थडग्याची माती बाजूला सारणारा स्पायडर-मॅनचा तो हात बघत मी एकदा चहा गार होऊ दिलाय.

माझ्याकडे ते पुस्तक आहे. घरी नेऊ देणार नाही, इथे बसून वाच. माझे मराठी इंद्रजाल कॉमिक्स असेच कुणी कुणी 'वाचून देतो' म्हणून नेले, वेताळाचा एक अंक उरलाय, तोही बिनकव्हरचा.

येत्या रविवारी ये. लॅपटॉप नको. तुझ्या शिकाऱ्याला तो बिबट्या कशाला हवाय, ते एका कागदावर हाताने लिहून आण. पैसे, सूड आणि वेड ही तीन उत्तरं चालणार नाहीत.

माझ्या त्या चौदा पोझेस अजून कपाटात आहेत. तो मुखवटा का घालतो, हे मला तीन वर्षांपूर्वी दाढी करताना सुचलं. अजून कुणाला सांगितलेलं नाही. तू तुझं आण, मग सांगतो.

तुझा,
काका