न पटलेल्या धोरणाची बाजू मांडता येईल का?

तुम्ही राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहात, वादविवाद स्पर्धांमध्ये बक्षिसे मिळवली आहेत आणि पुढे राजनैतिक अधिकारी होऊन परदेशात काम करण्याची तुमची इच्छा आहे, असे तुम्ही कळवले आहे. घरच्यांच्या मते हे काम म्हणजे मेजवान्या, तर तुमच्या मते वाटाघाटी. पत्राच्या शेवटी मात्र तुम्ही काहीशा संकोचाने विचारले आहे, की स्वतःला न पटणाऱ्या धोरणाचेही समर्थन करावे लागते का. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे. परंतु दूतावासात दिवसभर काय चालते हे समजल्याशिवाय त्याचे उत्तर देण्यात अर्थ नाही.

१९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या कलमात दूतावासाची कामे दिली आहेत. प्रतिनिधित्व, नागरिकांच्या हितांचे रक्षण आणि वाटाघाटी यांच्याबरोबरच, यजमान देशातील परिस्थिती कायदेशीर मार्गांनी जाणून घेऊन ती आपल्या सरकारला कळवणे, हेही त्यांत आहे. राजकीय विभागातील कनिष्ठ अधिकाऱ्याचा बराचसा दिवस या शेवटच्या कामात जातो. सकाळी स्थानिक भाषेतील वृत्तपत्रे वाचायची, तिथल्या संसदेत काय चालले आहे ते पाहायचे, एखाद्या मंत्रालयातील समकक्ष अधिकाऱ्याला भेटायचे आणि परतल्यावर त्या भेटीचे टिपण लिहायचे. समोरची व्यक्ती काय म्हणाली आणि त्यावरून आपण काय अनुमान काढले, यांची सरमिसळ होऊ न देणे ही त्या टिपणाची पहिली कसोटी असते. राजधानीतील वाचणाऱ्यापुढे त्याच दिवशी इतर अनेक दूतावासांचेही अहवाल येऊन पडलेले असतात. त्यामुळे महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगितली नाही, तर ती वाचली जाईलच याची खात्री नसते. जॉर्ज केनन यांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोतील अमेरिकी दूतावासातून पाच हजारांहून अधिक शब्दांची तार पाठवली आणि तिने सोव्हिएत संघाकडे पाहण्याची वॉशिंग्टनची दृष्टी घडवली, हे खरे. पण नवख्या अधिकाऱ्याने तिच्या लांबीचे अनुकरण करू नये.

घरच्यांच्या शंकेविषयी एवढेच, की मेजवान्या असतात आणि तेही कामच असते. ज्या व्यक्तीची रीतसर भेट मिळायला कित्येक आठवडे लागतील, तिच्याशी तेथे पाच मिनिटे उभ्याउभ्या बोलता येते. पोट भरण्याच्या अपेक्षेने जाणारा अधिकारी बहुधा नवा असतो.

ज्याविषयी तुमच्या पत्रात एकही शब्द नाही, ते वाणिज्यदूत विभागाचे काम मात्र मी अधिक गंभीरपणे विचारात घ्यायला सांगेन, कारण अनेकांची सुरुवात तेथूनच होते. पासपोर्ट आणि व्हिसा हा त्याचा नेहमीचा भाग. कठीण भाग तुरुंगात, रुग्णालयात आणि शवागारात असतो. वाणिज्यदूत संबंधांविषयीच्या १९६३ च्या करारातील छत्तिसाव्या कलमानुसार वाणिज्यदूताला अटकेतील आपल्या नागरिकाला भेटता येते, त्याच्याशी पत्रव्यवहार करता येतो आणि त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करता येते. त्याला सोडवून आणणे मात्र त्याच्या हातात नसते, कारण यजमान देशाच्या न्यायव्यवस्थेत हस्तक्षेप करण्याचा अधिकार त्याला नाही. कैद्याच्या कुटुंबाला ही मर्यादा पटत नाही आणि त्यांचा संताप फोनवर त्याच अधिकाऱ्याला ऐकून घ्यावा लागतो. ‘हे मला करता येणार नाही’ हे वाक्य स्पष्टपणे, तरीही माणुसकी न सोडता उच्चारता येणे, हे कौशल्य वक्तृत्वाच्या व्यासपीठावर शिकवले जात नाही.

तसेच वादविवादाचे. स्पर्धेत प्रतिपक्षाला निरुत्तर केले की गुण मिळतात. वाटाघाटीत निरुत्तर झालेला माणूस सही करत नाही, कारण त्याला परत जाऊन आपल्या सरकारला तो मसुदा पटवून द्यायचा असतो. त्याला तेथे काय सांगता येईल, याचाही विचार तुम्हालाच करावा लागतो.

आता तुमचा प्रश्न. होय, न पटणाऱ्या धोरणाची बाजू मांडावी लागते आणि ती अर्धवट मनाने मांडून चालत नाही. परदेशी अधिकारी तुमचे वैयक्तिक मत नव्हे, तर तुमच्या सरकारची भूमिका जाणून घ्यायला बसलेला असतो. याची दुसरी बाजू अशी, की सरकारला आतून लिहिताना हाच अधिकारी परखड नसेल, तर त्याचा फारसा उपयोग नाही. ६ एप्रिल १९७१ रोजी ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूतावासातून वीस अधिकाऱ्यांच्या सह्यांची एक तार गेली. पूर्व पाकिस्तानातील दडपशाहीचा निषेध करण्यात आपलेच सरकार अपयशी ठरले आहे, असे तीत म्हटले होते आणि महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी या मतभेदाला आपला पाठिंबा नोंदवला होता. धोरण बदलले नाही. ब्लड यांना मात्र ढाका सोडावे लागले. उलट, मेक्सिकोचे भारतातील राजदूत आणि कवी ऑक्टाव्हियो पाझ यांनी १९६८ मध्ये आपल्या देशात विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबारानंतर राजदूतपदच सोडले. सेवेत राहून विरोध नोंदवणे आणि सेवा सोडणे, हे दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. सेवेत राहून बाहेर आपल्याच सरकारविरुद्ध कुजबुजत राहणे, हा तिसरा मार्ग काही जण पत्करतात. तो मला मान्य नाही.

तेव्हा प्रवेशपरीक्षेची पुस्तके विकत घेण्यापूर्वी एक करून पाहा. आपल्या सरकारचे तुम्हाला न पटणारे एखादे धोरण निवडा आणि ते परदेशी श्रोत्यांना पटवून देणारे एक पान लिहा. मग त्याच धोरणाचे परदेशात काय पडसाद उमटत आहेत, हे आपल्या मंत्रालयाला सांगणारे दुसरे पान लिहा. पहिले पान लिहिताना आपण खोटे बोलत आहोत असेच वाटत राहिले, तर संशोधन किंवा पत्रकारिता तुम्हाला अधिक मानवेल आणि त्यात कमीपणा काहीच नाही. दुसरे पान लिहिताना वरिष्ठांना काय आवडेल या विचाराने हात आखडला, तर ती मला अधिक चिंतेची बाब वाटेल. दोन्ही पाने मला पाठवावीत. कोणती परकीय भाषा शिकायला घ्यावी, याविषयी त्यानंतर सविस्तर लिहीन.