वाचकांचे प्रश्न: भिंतीवर न चढणारी पाल

प्रश्न: गोरेगावला आरेच्या कडेलाच आमची सोसायटी आहे. पाऊस सुरू झाला की रात्री जिन्याखाली एक वेगळीच पाल दिसते, बुटकी, गोलमटोल, अंगावर चॉकलेटी डाग. भिंतीवर अजिबात चढत नाही, जमिनीवरच पळते. वॉचमन म्हणतो विषारी आहे, दिसली की मारा. खरं आहे का?

उत्तर: आधी एकच सांगतो, प्लीज मारू नका. जगातली कुठलीच पाल विषारी नाही, आणि ही तर शेपटीसकट जेमतेम बोटभर, चावली तरी तुम्हाला काही होणार नाही. तुम्ही केलेलं वर्णन वाचून मला इतका आनंद झाला, कारण ही बहुतेक गेकोएला गटातली जमिनीवर राहणारी पाल आहे, संजय गांधी नॅशनल पार्क आणि आरेच्या पालापाचोळ्यात राहणारी, एरवी लपून बसते आणि पावसाळ्यात रात्री बाहेर पडते म्हणून तुम्हाला जूनमध्येच दिसते.

पुढच्या वेळी टॉर्च घेऊन तिची बोटं बघा. घरातल्या पालीच्या बोटाखाली आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर लाखो अतिसूक्ष्म केस, त्यांच्या जोरावर ती गुळगुळीत टाइल्सवर पण चिकटते. हिच्या बोटांना तसलं काहीच नाही. बारीक, जरा वाकलेली बोटं आणि टोकाला नख्या, बस्स, म्हणून ही काचेवर किंवा पेंट केलेल्या भिंतीवर चढूच शकत नाही. पाठीवर हात फिरवला तर (फिरवू नका, पण समजा फिरवला) मऊ लागेल, कारण बारीक बारीक दाण्यांसारखे सगळे सारखेच खवले असतात, हिच्या बऱ्याच नातेवाईक पालींच्या पाठीवर उठून दिसणारे टेंगूळ असतात ते हिच्यावर नाहीत. शेपटी जाडसर, अंगापेक्षा आखूड. डोळे मोठे, बाहुली उभ्या फटीसारखी, आणि पापण्या नाहीत, म्हणून डोळा जिभेनेच चाटून साफ करते. पापण्या मिटणारी पाल दिसली तर ती वेगळी, लेपर्ड गेको, तिचं कुटुंबच वेगळं.

प्रश्न: माझ्या जुन्या पुस्तकात या पालीचं नाव गेकोएला कॉलेगॅलेन्सिस आहे, मुलगा म्हणतो सिर्टोडॅक्टायलस वरदगिरी. पुस्तक चुकलं का? (बोरिवली)

उत्तर: पुस्तक तेव्हाच्या माहितीप्रमाणे बरोबरच होतं. गोष्ट सुरू होते 1870 ला, बेडोम या इंग्रज अधिकाऱ्याने कर्नाटकातल्या कोल्लेगालकडची पाल जिम्नोडॅक्टायलस म्हणून नोंदवली, म्हणजे उघड्या बोटांची. त्या काळी चिकट पट्ट्या नसलेल्या कितीतरी पाली त्या एकाच पोत्यात भरल्या जायच्या, आज ते नाव दक्षिण अमेरिकेतल्या पालींपुरतंच उरलंय. आपल्याकडच्या जमिनीवरच्या पालींना नंतर बराच काळ गेकोएला हे नाव चाललं, ते ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याआधीच, 1867 मध्ये, दिलेलं होतं. मग डीएनए तपासला गेला आणि कळलं की गेकोएला म्हणजे वेगळं घराणं (शास्त्रीय भाषेत वंश) नाहीच, सिर्टोडॅक्टायलस या प्रचंड मोठ्या घराण्याचीच ती एक फांदी आहे. त्या घराण्यात आज 300 च्या वर जाती आहेत, बहुतेक खडकांवर, झाडांवर, गुहांमध्ये राहणाऱ्या, आणि ही फांदी मात्र जमिनीवर उतरलेली, भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका इथली. म्हणून आता गेकोएलाला उपवंश मानतात. नरांमध्ये एक खूण पण सापडते, बऱ्याच पालींच्या नरांना मांड्यांजवळ किंवा शेपटीच्या बुडाशी बारीक छिद्रांची रांग असते, गेकोएलाच्या नरांना ती नसतेच.

आणि 2016 मध्ये पश्चिम भारतातली पाल कोल्लेगालवाल्या पालीपेक्षा वेगळी जात आहे असं मांडलं गेलं, नाव दिलं आपल्या वरद गिरींचं, ज्यांनी बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेत राहून महाराष्ट्रातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर एवढं काम केलं. मला मनापासून वाटतं की असं नाव मिळायलाच हवं होतं. पुस्तक टाकून देऊ नका, नुसतं पेन्सिलने बाजूला नवीन नाव लिहा.

प्रश्न: मुलीला ही पाळायची आहे. काचेच्या टँकमध्ये राहील का? (भांडुप)

उत्तर: नाही. जंगलातून आणलेला प्राणी घरी ठेवू नका, तिला ओल, पालापाचोळा, जिवंत किडे सगळं लागतं आणि ते तिला बाहेर फुकट मिळतंय. मुलीला रात्री टॉर्च घेऊन लांबून बघायला न्या, फोटो काढा, फोटोत बोटं नीट येऊ द्या. पाल घरात शिरलीच तर पुठ्ठ्यावर घेऊन झाडाखाली सोडा, शेपटीला धरू नका, तुटते. आणि सोसायटीवाल्यांना सांगा, झाडाखालची पानं दर आठवड्याला झाडून जाळू नका, एखादा कोपरा तसाच राहू दे, ती तिथेच राहते.